स्टिरिओवरची एकशे सतरा नंबरची पाटी

दुपारी सव्वातीनला मिस्त्री स्टिरिओवरची धूळ पुसायला उठले आणि भिंतीवरच्या स्विचकडे नजर जाताच जागच्या जागी थांबले. स्विचवर दोन लाल पाट्या लटकत होत्या. एक त्यांची स्वतःची, नंबर बावीस. ती असणारच होती, त्यांनीच लावली होती. दुसरी मेहुण्याची, नंबर एकशे सतरा. ती तिथं असायला नको होती, कारण मेहुणा सकाळी अकरालाच काम आटपून निघून गेला होता.

मिस्त्री हातातलं फडकं तसंच धरून खुर्चीत बसले.

"पाटी विसरून गेला तो," ते म्हणाले.

समोर बायको उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. तिला ऐकू गेलं नाही. गिरणीच्या मागखात्यात बावीस वर्षं काढल्यावर तिच्या कानांनी निम्मं काम सोडून दिलं होतं. मिस्त्रींनी तेच वाक्य जरा चढ्या आवाजात म्हटलं.

"मग काढा की," ती म्हणाली.

"मला नाही काढता येत."

"का? खिळा उंच आहे?"

मिस्त्रींनी स्विचवरच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळा त्यांच्या खांद्याइतक्या उंचीवर होता आणि तो त्यांनीच ठोकला होता.

हा सगळा घोळ कळायचा तर गिरणीची गोष्ट सांगणं भाग आहे. मिस्त्री आणि मेहुणा एकाच कापडगिरणीत होते, मिस्त्री फिटर आणि मेहुणा वायरमन. तिथं एक नियम होता. जो माणूस यंत्रावर काम करायला हात घालील त्यानं आपल्या नंबरची लाल पाटी स्विचवर अडकवायची. चार माणसं काम करत असतील तर चार पाट्या. ज्याचं काम संपेल त्यानं आपली पाटी आपल्या हातानं काढायची, दुसऱ्याच्या पाटीला कुणी शिवायचं नाही. शेवटची पाटी निघाली की मगच यंत्र सुरू.

मिस्त्रींनी हा नियम उभ्या आयुष्यात एकदाच मोडला होता. तेव्हा त्यांना नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एकशे सतरा नंबरची पाटी स्विचवर होती आणि वरून साहेबाचा फोन आला, तो माणूस जेवायला गेलाय, काढ पाटी आणि कर सुरू. मिस्त्रींनी काढली. माणूस जेवायला गेला नव्हता. त्याच्या डाव्या करंगळीचं टोक त्या दिवशी यंत्रात गेलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री माफी मागायला त्याच्या घरी गेले तेव्हा दार त्याच्या बहिणीनं उघडलं. पुढं वर्षभरानं तिच्याशीच लग्न झालं. पण लग्न ते लग्न आणि करंगळी ती करंगळी. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मिस्त्रींनी दुसऱ्याच्या पाटीला बोट लावलं नाही. निवृत्तीच्या दिवशी बाकीच्यांनी भेट मिळालेली भिंतीवरची घड्याळं घरी नेली, या दोघांनी आपापल्या पाट्या मागून आणल्या.

स्टिरिओ मुलीनं पाठवला होता. मधे एक मोठा ॲम्प्लिफायर, दोन बाजूंना कमरेएवढे दोन स्पीकर, रेडिओ त्यातच. सोबत सुरक्षित वापराचं एक पुस्तक होतं. असली पुस्तकं लोक खोक्यातच ठेवतात. मिस्त्रींनी ते बोट ठेवून ओळ न् ओळ वाचलं आणि चार दिवस घरादाराला त्याप्रमाणं वागवलं. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर हवं, म्हणून ते पुढं आलं. ते पुढं आलं म्हणून कपाट बोळकांडीत गेलं. कपाट बोळकांडीत गेल्यापासून स्वयंपाकघरात जायचं तर आडवं व्हावं लागे. यंत्राला हवा लागायला झरोके उघडे हवेत, म्हणून खिडकीचा पडदा उतरला. जवळ पाणी नको, म्हणून कुंड्या जिन्यात गेल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई त्यातल्या एकीला अडखळून दोन दिवस लंगडत होत्या. शेवटी पुस्तकात लिहिलं होतं की स्विच आणि सॉकेट जाणकाराकडून तपासून घ्यावं. जाणकार म्हणजे मेहुणा. तो सकाळी आला, पाटी लावली, जुनं सॉकेट काढून नवं बसवलं, अर्थिंग पाहिलं आणि घड्याळ बघून एकदम पळाला. त्याला पेन्शनच्या कचेरीत जिवंत असल्याचा दाखला द्यायचा होता.

आणि आज पाच वाजता रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात नात गाणार होती. चार मिनिटांचं गाणं, एकदाच. आजीला छोट्या रेडिओवरचं काही कळत नाही आणि फोनवरचा आवाज तिला डबीत सापडलेल्या माशीसारखा येतो, म्हणून तर मुलीनं एवढं मोठं धूड पाठवलं होतं. गेल्या वर्षी नातीच्या शाळेतलं गाणं हुकलं होतं, कारण मिस्त्री गॅस, नळ आणि कडी तीनतीनदा तपासेपर्यंत बस निघून गेली. तेव्हा बायको एक शब्द बोलली नव्हती. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वर्षभर वाटत होतं.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तिकडून पंख्याची घरघर आणि बऱ्याच म्हाताऱ्यांचा खोकला ऐकू आला.

"तुझी पाटी राहिली," मिस्त्री म्हणाले.

मेहुण्यानं आधी खिसा चाचपला. मग म्हणाला, "दाजी, फोनवर नको."

"मी कुठं म्हणतोय फोनवर काढतो म्हणून."

"नाही, आपलं सांगून ठेवलं."

दोघांनाही करंगळी आठवली होती. मेहुण्यानं सांगितलं की त्याचा नंबर एकसष्टावा आहे आणि आता कुठं त्रेचाळिसावा चाललाय. मिस्त्रींनी चपला घातल्या. बायकोनं कुठं म्हणून विचारलं. हे म्हणाले, पाचाच्या आत आलोच. तिनं सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. गेल्या वर्षी बस गेली तेव्हा असंच पाहिलं होतं.

कचेरीतल्या बाकांवर निम्मी गिरणी बसलेली होती. जो तो आपण जिवंत आहोत हे सांगायला आलेला आणि बसून बसून त्याबद्दल स्वतःच साशंक झालेला. मेहुणा कागदांची पिशवी मांडीवर घेऊन शेवटून तिसऱ्या बाकावर होता. मिस्त्रींनी आधी सोपा उपाय काढला. ते खिडकीपाशी गेले आणि आतल्या बाईंना म्हणाले की माझा मेहुणा जरा घरी जाऊन येतो, तोवर त्याच्या जागी मी उभा राहतो.

बाईंनी मान वर केली नाही. "तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, काका. प्रश्न त्यांचा आहे."

राहिली चिठ्ठी. गिरणीच्या नियमात तशी सोय होती. पाटीचा मालक स्वतः येऊ शकत नसेल तर त्यानं तसं लिहून द्यायचं, खाली सही, आणि गिरणीतल्या दोन माणसांच्या साक्षी. मिस्त्रींना हायसं वाटलं. कागद होता, पेन होतं आणि साक्षीला गिरणीतली माणसं तर बाकाबाकावर पसरली होती. मेहुण्यानं पिशवीवर कागद ठेवून लिहायला घेतलं. दहा मिनिटांत काम झालं असतं, पण शेजारी टाइमकीपर बसले होते.

टाइमकीपरांनी तीस वर्षं गेटावर बसून लोकांचे अर्धे दिवस कापले होते. निवृत्त झाल्यापासून कापायला कुणी मिळत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं की यात यंत्राचं नाव कुठं आहे. मेहुण्यानं स्टिरिओ असं लिहिलं. मग त्यांनी विचारलं, कुठल्या खात्यातला. मिस्त्री म्हणाले, घरातला. टाइमकीपर म्हणाले, घर हे खातं नाही. मागच्या बाकावरचा बॉयलरवाला म्हणाला की ज्याच्या घरी बायको आहे त्याला विचारा खातं आहे की नाही. यावर चार बाक हसले आणि सहा मिनिटं गेली.

नंतर निघालं की साक्षीदारानं पाटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असायला हवी. मिस्त्रींनी पाटीचं वर्णन केलं. एका कोपऱ्याला रंग उडालाय, सातावर ओरखडा आहे. टाइमकीपरांनी डोळे मिटून ते ऐकलं आणि मान्य केलं की हो, ही मी पाहिलेली आहे. तरी पहिला मसुदा त्यांनी फाडायला लावला, कारण त्यात खाडाखोड होती. दुसऱ्यात तारीख वरच्या बाजूला हवी होती. तिसरा झाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेचार व्हायला पाच मिनिटं होती. टाइमकीपरांनी सही केली, बॉयलरवाल्यानं केली, आणि मेहुण्यानं आपली सही करून पेनाचं टोपण लावलं, तोच खिडकीतून एकसष्ट नंबरचा पुकारा झाला.

मेहुणा घाईघाईनं उठला आणि पिशवीतले सगळे कागद एकत्र करून खिडकीत सरकवले. सगळ्यात वर चिठ्ठी होती.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. "मी, नंबर एकशे सतरा, सदर ठिकाणी स्वतः हजर राहू शकत नसल्यामुळे." त्या थांबल्या. "तुम्ही हजर नाही?"

"ते तिकडं. स्विचपाशी."

"कुठल्या स्विचपाशी?"

मेहुण्याला थोडक्यात सांगता येत नाही. त्यानं करंगळीपासून सुरुवात केली. खिडकीतून हात आत घालून ती दाखवलीही. बाई दिवसभरात साठ म्हाताऱ्यांचं ऐकून बसल्या होत्या आणि मागं अजून वीस होते. त्यांनी पुन्हा कागद पाहिला. हजर नसल्याचं अर्जदाराच्या सहीनं लिहिलेलं होतं, खाली दोन साक्षीदार होते, तारीखही वरच्या बाजूला होती. एवढा व्यवस्थित कागद त्यांच्या हातात आठवडाभरात आला नसावा. त्यांनी त्यावर 'अर्जदार गैरहजर' असा शिक्का मारला, तो फायलीत टाचला आणि सांगितलं की उद्या शेवटचा दिवस आहे, उद्या ओळखीची दोन जिवंत माणसं घेऊन या.

"ती चिठ्ठी तरी परत द्या," मिस्त्री म्हणाले.

"फाइलला लागली आता," बाई म्हणाल्या. "बासष्ट."

टाइमकीपर म्हणाले की कागद चोख होता, त्यात काही दोष नव्हता.

नव्या चिठ्ठीला त्यांनी पुन्हा तीन मसुदे करायला लावले असते, तेव्हा आता एकच मार्ग उरला होता, मेहुण्यानं स्वतः घरी यायचं. दोघं निघाले तेव्हा पावणेपाच होत होते. बसथांब्यापर्यंत शंभर पावलं असतील, पण मेहुण्याचा उजवा गुडघा मनात आलं तर वाकतो. ते साठ पावलांवर असताना बस आली आणि सत्तर पावलांवर असताना गेली. मग चालतच निघाले. मिस्त्री दहा पावलं पुढं जायचे, थांबायचे, मागं बघायचे. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही व्हा पुढं."

"पुढं होऊन काय करू? हात तुझा लागतो."

मेहुण्यानं हात वर करून पाहिला, जणू तो काढून देता आला असता तर दिला असता.

चौकातल्या घड्याळाच्या दुकानाशी ते पोचले तेव्हा काचेमागची सगळी घड्याळं पाच दाखवत होती. एखादंदुसरं मागं असतं तर बरं वाटलं असतं. दोघांनी ती पाहिली आणि दोघांनी नजर दुसरीकडे वळवली. सिग्नल लाल होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी दोघं हिरवा होईपर्यंत उभे राहिले. पुढचा सगळा रस्ता मिस्त्री मान खाली घालून चालले. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य नियमापाशी येऊन अडत होतं. नियम बरोबर होता. त्यात कुणाची चूक नव्हती. पण हे तिला सांगायचं म्हणजे, गेल्या वर्षी कडी नीट लागली होती, असं सांगण्यासारखं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मेहुणा कुंड्यांमधे जागा करून पायरीवर बसला आणि हातानंच खुणावलं, दम खाऊन येतो. मिस्त्री वर गेले. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

घरात शांतता होती. बायको खुर्चीत बसली होती. अभ्रा शिवून पुरा झाला होता आणि घडी घालून मांडीवर होता. स्विचवर दोन्ही पाट्या होत्या तशाच होत्या, बावीस आणि एकशे सतरा. मिस्त्रींना वाटलं, निदान काहीतरी आरडाओरडा करावा हिनं. तिनं मांडीवरच्या अभ्र्याची घडी नीट केली. ते स्टिरिओपाशी गेले आणि फिटरची खोड म्हणून ॲम्प्लिफायरच्या पाठीवर तळहात ठेवला.

पाठ गरम होती.

त्यांनी हात उचलला, बघितला आणि पुन्हा ठेवला. मग वळून बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

"पाचाला पाच कमी असताना काढल्या," ती म्हणाली. "झाल्यावर होत्या तशा लावल्या."

मिस्त्री स्विचकडे वळले. "दोन्ही?"

"एक काढून काय उपयोग होता?"

"त्याची सुद्धा?"

"तो सकाळी अकराला गेला. मी स्वतः दार लावलं त्याच्यामागं. यंत्रात कुणाचं बोट नव्हतं, आत वाकून बघितलं मी."

मिस्त्रींनी विचारलं, आवाजाची घुंडी? ती म्हणाली, आधी शून्यावर नेली, मगच सुरू केलं. हात? कोरडे पुसले. बंद करताना? प्लग धरून काढला, वायर ओढली नाही. झरोक्यांवर काही ठेवलं नव्हतं ना? नव्हतं. आवाज घुंडीवरच्या लाल खुणेच्या वर नेला? नाही नेला, तेवढा लागलाच नाही. तिनं पुस्तक दोनदा वाचलं होतं, आणि त्यात पाट्यांबद्दल कुठंच काही लिहिलेलं नाही, हेही तिनं सांगितलं. मिस्त्री पुढचा प्रश्न शोधत होते. प्रश्न संपले होते.

ते तिच्या शेजारी येऊन बसले. "कशी गायली?"

"स्पीकरवर हात ठेवून बसले होते," बायको म्हणाली. "मागावर ठेवायचे तसा. सूर हाताला लागत होता. मधे एकदा चुकली, पण थांबली नाही. पुढं गेली."

मिस्त्रींना खूप थकल्यासारखं वाटलं आणि त्या थकव्यात कुठंतरी बरंही वाटलं. तेवढ्यात जिन्यात मेहुण्याचा गुडघा वाजला. एक पायरी, मग बराच वेळ, मग दुसरी. नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. हा माणूस एकसष्ट नंबर गमावून, कागदोपत्री गैरहजर होऊन, तीन मजले चढून स्वतःच्या हातानं पाटी काढायला येत होता.

"त्याला सांगू नका," बायको म्हणाली.

मेहुणा आत आला. घामानं भिजला होता. आधी त्यानं स्विचकडे पाहिलं. दोन्ही पाट्या जागेवर बघून त्याचा चेहरा भरून आला.

"दाजी, पाच वाजून गेले तरी हात लावला नाहीत."

"नाही," मिस्त्री म्हणाले. हे खरंच होतं.

मेहुण्यानं शर्टाला हात पुसले, एकशे सतरा नंबरची पाटी काढली आणि खिशात टाकली. मिस्त्रींनी आपली काढली. मेहुण्यानं प्लग सॉकेटमधे बसवला आणि गिरणीतल्या रिवाजाप्रमाणं विचारलं, "यंत्र थंड आहे ना?"

मिस्त्रींनी पुन्हा पाठीवर हात ठेवला. अजून चांगलंच कोमट होतं.

"थंड आहे," ते म्हणाले.

मेहुण्यानं स्विच दाबला. मिस्त्रींनी शून्यापासून घुंडी एकेक रेघ वर आणली. एक बाई हवामान सांगत होत्या. उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील. मेहुणा ऐकत उभा राहिला, मग हळूच खाली बसला.

"गेलं गाणं," तो म्हणाला. "ताई, माझ्यामुळं गेलं गं तुझं."

बायकोनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जमेल तेवढा चेहरा पाडला. तेवढ्यानं त्याला जास्तच लागलं. तो म्हणाला की तू एवढा वेळ या पाट्यांकडे बघत नुसती बसून राहिलीस, दुसरी कुणी असती तर केव्हाच उपटून फेकल्या असत्या. नियम कळणारी तूच एक. असं म्हणून त्यानं डोळ्यांना रुमाल लावला. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं. मिस्त्रींनी पंख्याकडे पाहिलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर मुलीचं नाव होतं. पलीकडे नातही असणार, आणि ती फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार होती की आजी, मी कुठं चुकले ते तुला कळलं का.

"दाजी, फोन," मेहुणा रुमालातून म्हणाला.

मिस्त्रींनी हात पुढं केला आणि आवाजाची घुंडी लाल खुणेच्या पार पलीकडे नेली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, खाली शिंपीणबाईंचं मशीन थांबलं, आणि तिन्ही मजल्यांवर सगळ्यांना कळलं की उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील.